झुकतं माप

दुकान मोडीत काढायचं ठरल्यावर
हिशेब मिटवायला मला पाठवलं.
डुलुथहून दोन तास; शेवटचे वीस मैल
नुसती भूर्जाची झाडं आणि कडेला एक मेलेलं हरीण.
अल्डर क्रॉसिंग, लोकसंख्या दोनशे सहा.
पाटीला गोळीची तीन भोकं.

किल्ली लेम्पी साल्मेलाकडे होती.
एक्केचाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई.
"आधी कॉफी," म्हणाली,
"वह्या कुठं पळून जात नाहीत."

पहिली वही सतरा सालची, फिनिशमधली,
अक्षर नांगरटीसारखं, वळणावर जरा कललेलं.
लेम्पी ओळीवर बोट धरून वाचत गेली, मी टिपत गेले.
खाणीतल्या संपानंतर ज्यांची नावं काळ्या यादीत गेली
ती माणसं खोडं उपटत इथवर आली.
गावात दुकान एकच, कडवर्थचं.
त्याचा लोणी घ्यायचा काटा वेगळा, पीठ विकायचा वेगळा.
बत्तीस जणांनी दहा-दहा डॉलर काढले.
हिल्या तुओमीकडे दहा नव्हते. तिच्या नावापुढे लिहिलंय :
कालवड १, कपाळावर पांढरा ठिपका.
मग रेल्वेचा डबाभर पीठ आलं
आणि उतरवायला छप्परच नाही,
म्हणून पहिले अकरा दिवस
दुकान भरलं साल्मेलांच्या सौनात.
पाव वर्षभर धुरकट लागायचा, म्हणे.

एकोणतीसच्या वह्या दोन.
पक्षाला निधी द्यायचा की नाही, यावर पहाटे तीनपर्यंत सभा,
आणि महिन्याभरात
रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दुकानं.
तीच कॉफी, तेच खिळे, तीच गंधकाची मलमं.
अर्वो आणि ऑस्करी नीस्कानेन, सख्खे भाऊ,
दहा वर्षं एकमेकांच्या गायी ओळखायचे,
एकमेकांना नाही.
पलीकडचं दुकान जळालं त्या तारखेच्या पानावर
शाई सांडलेली आहे. सांडली की सांडवली,
लेम्पीला विचारलं. तिनं पान उलटलं.
पुढच्या पानावर अलीकडच्यांनी पलीकडच्यांना
मोजून दिलेल्या फळ्या : नऊशे चाळीस. उधार.
व्याज नाही, असं लिहिलंय.
माफ, असं कुठंच नाही.

मला मात्र एक ओळ टोचत होती.
दर साली, न चुकता, खर्चाच्या बाजूला :
घट. एकशेचार डॉलर. घट. एकशेएकोणीस.
मंदीत घट, युद्धात घट,
तारा आल्या, दिवे आले, घट आपली जागच्या जागी.
उंदीर इतके शिस्तीचे नसतात.
चोर तर नाहीतच.

काटा मागच्या खोलीत होता, पितळी ताटलीचा.
माझ्या पेटीतली प्रमाण वजनं काढली, ठेवली,
पुन्हा ठेवली.
पौंडामागे अर्धा औंस गिऱ्हाइकाच्या पदरात.
लेम्पी कप विसळत होती. पाठ न वळवता म्हणाली,
"एकोणीस साल, मार्चची सभा, ठराव तिसरा."

कडवर्थनं आपलं जेवढं कापलं
तेवढं आपला काटा परत देईल.
कधीपर्यंत, ते लिहायचं राहून गेलं.
कडवर्थ मेला, त्याचं दुकान पडलं,
तिथं आता पेट्रोलपंपही उरलेला नाही.
ब्याऐंशीत विजेचा काटा आला,
त्यालाही यांनी शिकवलं.
"आणि सरकारी निरीक्षक?"
"तो सभासद. क्रमांक दोनशे अकरा."

माझे वडील सहकार खात्यात लेखापरीक्षक होते.
म्हणायचे, मुदत नसलेला ठराव म्हणजे दावं सुटलेलं वासरू,
कुणाच्याही शेतात शिरतं.
त्यांनी लाल शाईनं शेरा मारला असता. बहुतेक.

प्रत्येक भागाला आले एक्केचाळीस डॉलर सोळा सेंट.
हिल्या तुओमीचे वारस सापडले नाहीत.
कालवडीची रक्कम पडून आहे.
'घटीचे कारण' या रकान्यात काय लिहावं
यावर मोटेलात अर्धी रात्र गेली.
आमच्या भाषेत दोन शब्दांत होतं,
अहवाल त्या भाषेत नव्हता.
ओलावा, असं लिहिलं.

निघताना लेम्पीनं जुन्या काट्यावर
पौंडभर कॉफी तोलून दिली, पैसे घेतले, पावती दिली.
घरी स्वयंपाकघरात माझा काटा आहे,
ग्रॅमपर्यंत दाखवणारा.
पुडी तशीच डब्यात ओतली.